घराचा पैसा, मागाचा पैसा

या महिन्यात पत्रं आणि मेसेज नेहमीपेक्षा जास्त आलेत आणि निम्म्याच्या वर सोलापूर जिल्ह्यातलेच आहेत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सहा निवडलेत. नावं छापत नाही. कर्जाची गोष्ट गल्लीत कळेल या धाकानं माणूस कुणालाच विचारत नाही आणि मग नको ते करून बसतो, हे मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बावीस वर्षं बसून बघितलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. माझे आठ माग आहेत, खाली कारखाना आणि वर घर. टॉवेल काढतो. ज्या एक्सपोर्टरला माल देतो त्याच्या ऑर्डरी, २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ लावलं तेव्हापासून तुटल्या त्या अजून नीट सुरू नाहीत. चार माग बंदच आहेत. सूतवाल्याचं साडेचार लाख देणं आहे, बँकेची १२ लाखाची सीसी, म्हणजे धंद्याचं फिरतं कर्ज आहे आणि तिला घरच तारण आहे. बायकोचं १८ तोळे सोनं ठेवून सूतवाल्याला मोकळं करावं म्हणतो. मुलीच्या नावचा पीपीएफ आहे तो काढता येतो का? विम्याच्या दोन पॉलिसी सरेंडर करू का? एक मित्र म्हणतो घर बायकोच्या नावावर करून टाक म्हणजे बँकेला हात लावता येणार नाही. लै टेन्शन आहे, झोप लागत नाही. (यंत्रमाग कारखानदार, पूर्व भाग)

उत्तर : दादा, आधी घराचं बोलते कारण तिथं चूक झाली तर परत फिरता येणार नाही. मित्राचं ऐकू नका. घर बँकेला गहाण आहे, ते कुणाच्याही नावावर केलं तरी गहाण त्याच्या मागोमाग जातंच, आणि बँकेला न कळवता केलं तर आज जो मॅनेजर तुमच्याशी बोलायला तयार आहे तोही उद्या दार लावून घेईल. गहाण नसलेली मालमत्ता असती तरी पैसे मागणारे दारात उभे असताना ती बायकोच्या नावावर केली तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या, म्हणजे १८८२ च्या कायद्याच्या कलम ५३ खाली ते लोक कोर्टात जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून घेऊ शकतात. महाराष्ट्रात राहतं घर बायको-मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर नोंदणीचा वगैरे खर्च. ही सोय खरी आहे, पण ती धंदा चांगला चालू असताना वापरायची, धंदा बसल्यावर नाही.

आता बँक. हप्ता किंवा व्याज ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत ठरतं, त्यानंतर सरफेसी कायद्याची, म्हणजे कोर्टात न जाता तारण जप्त करायच्या कायद्याची ६० दिवसांची नोटीस येते आणि मग घराचा ताबा. हे ९० दिवस पूर्ण व्हायच्या आत तुम्ही स्वतः उठून बँकेत जायचं. बरोबर गेल्या दोन वर्षांची विक्री, एक्सपोर्टरकडनं येणं किती, किती माग चालू, हे सगळं एका कागदावर लिहून न्यायचं आणि सीसीतला काही भाग टर्म लोन, म्हणजे ठरलेल्या मुदतीचं कर्ज करून हप्ते लांबवून मागायचे. मी त्या खुर्चीत बसलेय म्हणून सांगते, स्वतःहून आलेल्या माणसासाठी बँकेतला माणूस फाईल हलवतो, आणि फोन न उचलणाऱ्याची फाईल वसुलीकडं जाते.

एक्सपोर्टरकडं तुमचे पैसे किती अडकलेत ते तुम्ही लिहिलंच नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी आहे का? नसेल तर आजच करा, फुकट होते, कुठल्या एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. नोंदणीच्या आधीच्या मालाला मात्र याचा उपयोग होत नाही, म्हणून उशीर करू नका. तुमचं गिऱ्हाईक एकच असेल तर आधी समोर बसून बोला, तारखा लिहून घ्या, तक्रार शेवटी.

सोन्याकडं येते. ते १८ तोळे तुमचे नाहीत, तुमच्या बायकोचे आहेत. माहेरचं असो की सासरी घातलेलं असो, स्त्रीधनावर तिचा एकटीचा हक्क आहे, नवऱ्यानं अडचणीत वापरलं तर ते परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे असं सुप्रीम कोर्टानं एकापेक्षा जास्त वेळा सांगितलंय. म्हणून पहिलं काम म्हणजे तिला सगळा हिशोब दाखवा. तुमच्या पत्रात ती कुठंच नाही, फक्त तिचं सोनं आहे. तिला सीसी किती, सूतवाल्याचं किती हे माहीत आहे का? माझा अनुभव असा की घरातल्या बाईला आकडा कळला की ती खर्चाचा आणि देण्याचा असा काही रस्ता काढते जो नवऱ्याला सुचलेला नसतो.

समजा ती हो म्हणाली. साडेचार लाखाचं सोनेतारण १२ टक्क्यानं धरलं तर वर्षाला ५४ हजार, म्हणजे महिन्याला साडेचार हजार नुसतं व्याज. तुमचे चालू चार माग घरखर्च आणि सीसीचं व्याज भागवून एवढे काढतायत का? हातात लेखी ऑर्डर असेल आणि सुतासाठी पैसे कमी पडत असतील तर सोनं ठेवणं मला चालेल. पण जुनं देणं फेडायला सोनं ठेवलं आणि ऑर्डर आलीच नाही तर वर्षभरानं लिलावाची नोटीस येणार, आणि सोनं तर जाणारच वर व्याजही भरलेलं असणार. त्यापेक्षा बंद मागातले दोन विका, भंगाराच्या भावानं गेले तरी वाईट वाटून घेऊ नका, सूतवाल्याला एकरकमी एक-दीड लाख द्या आणि बाकीचे तारखा घालून हप्त्यानं. त्यालाही तुमचे माग चालू राहायला हवेत. तरीही कमी पडलंच आणि बायको स्वतः म्हणाली तर दोन-तीन तोळे सरळ विकणं हे सगळं ठेवण्यापेक्षा बरं. सोनं दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर बसतो तेवढा लक्षात ठेवा.

पीपीएफला हात लावू नका. त्यातल्या पैशाला कुठल्याही देण्यापोटी कोर्टाची जप्ती लागत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. इन्कम टॅक्सची थकबाकी ही वेगळी गोष्ट. उद्या सगळं गेलं तरी तेवढे पैसे पोरीच्या शिक्षणाला राहतात. पॉलिसींचं म्हणाल तर सरेंडर करायच्या आधी ऑफिसात जाऊन पेड-अप केली तर काय मिळेल आणि सरेंडरला काय मिळेल हे दोन्ही आकडे लेखी घ्या. हप्ते बंद करून पॉलिसी तशीच ठेवता येते, रक्कम कमी होते पण राहते, आणि हप्ता चुकल्यापासून ५ वर्षांच्या आत परत चालू करायची संधी असते.

त्या वाचलेल्या हप्त्यात एक टर्म इन्शुरन्स घ्या, निदान २५-३० लाखाचा, आणि प्रपोजल फॉर्म भरतानाच विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ खाली घ्यायचाय असं सांगा. त्याचा वेगळा फॉर्म असतो, एक सही. या कायद्याच्या कलम ६ प्रमाणं ती पॉलिसी बायको-मुलांचा ट्रस्ट होते. तुमचं काही बरंवाईट झालं तर ते पैसे सूतवाला किंवा बँक तुमच्या देण्यापोटी मागू शकत नाहीत, थेट तिच्या हातात जातात. जुन्या पॉलिसीला हे नंतर चिकटवता येत नाही, नवीन घेतानाच करावं लागतं. सोलापुरात इतके कारखानदार आहेत आणि हा फॉर्म मी हाताच्या बोटावर मोजण्याइतक्यांनीच भरलेला बघितलाय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि एक शेवटचं. खाली माग आणि वर घर असलं की पैशाचंही तसंच होतं, गल्ला एकच. शनिवारी मजुरी वाटून उरलं ते घरात, घरात कमी पडलं की गल्ल्यातनं. उद्यापासून बायकोच्या नावचं एक खातं वेगळं करा, कारखान्यातनं दर महिन्याला ठरलेली रक्कम तुमचा पगार म्हणून तिथं टाका, दहा हजार तर दहा हजार, आणि त्या खात्यातनं कारखान्याला एक रुपयाही परत न्यायचा नाही. माग बंद पडला तर सुरू करता येतो हो, घर बंद पडलं की फार अवघड होतं.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, वय ६३, जुळे सोलापुरात राहतो. निवृत्तीचे पैसे आले त्यातले १९ लाख एका पतसंस्थेत साडेदहा टक्क्यांनी ठेवलेत. चेअरमन चांगल्या ओळखीचे आहेत, व्याज वेळेवर मिळतं. पण हल्ली कायबाय ऐकू येतं. ५ लाखांपर्यंत विमा असतो म्हणे, मग चार नावांवर विभागून ठेवले तर सुरक्षित ना? (निवृत्त शिक्षक)

उत्तर : नाही सर, आणि हे मला मोठ्या अक्षरात छापावंसं वाटतं. तो ५ लाखांचा ठेव विमा बँकांना असतो, आपल्या नागरी सहकारी बँकांनाही असतो, पण पतसंस्थेला नसतो. चार नावांवर करा नाहीतर चाळीस. पतसंस्था सहकार खात्याच्या कायद्याखाली असते, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखाली नाही. बोर्डावर अक्षरं सारखीच रंगवलेली असतात म्हणून लोकांचा घोळ होतो.

बँकेचं कसं आहे ते पण सांगते. ही मर्यादा आधी १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. एका बँकेत एका माणसाला मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून ५ लाख. म्हणजे एकाच बँकेच्या नवी पेठ आणि होटगी रोड शाखेत पाच-पाच लाख ठेवले तर विमा पाचच लाखाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तरी ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळायला पाहिजेत. २०२२ मध्ये आपल्या सोलापुरातल्याच एका सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला तेव्हा ज्यांचे पाचच्या आत होते त्यांना विम्याचा आधार होता, ज्यांनी घर विकून एकाच ठिकाणी वीस ठेवले होते त्यांचं काय झालं असेल बघा.

तुमचे १९ लाख सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीमला, पोस्टात नाहीतर बँकेत, टाकले तर हे लिहिताना दर ८.२ टक्के आहे, एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ५ वर्षांची मुदत, दर तीन महिन्यांनी ३८,९५० रुपये खात्यावर. पतसंस्थेत वर्षाला १,९९,५०० मिळतायत, इथं १,५५,८०० मिळतील. फरक महिन्याला साडेतीन हजाराच्या आसपास. एवढ्यासाठी १९ लाख टांगून ठेवायचे का?

एकदम सगळे मोडायला जाऊ नका, लोकांनी घाबरून एका दिवशी रांग लावली की चांगली पतसंस्थाही अडचणीत येते. ज्या पावतीची मुदत संपेल ती काढत चला, आणि सभासद म्हणून वार्षिक अहवाल मागा, ऑडिटचा वर्ग अ आहे की क आहे आणि थकबाकी किती ते वाचा. चेअरमन ओळखीचे असणं आणि संस्था मजबूत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझे वडील गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा हातात आलेले फंडाचे पैसे त्यांनी एका ओळखीच्या माणसाच्या संस्थेत ठेवले, कारण तो आमच्याच पेठेतला, सत्यनारायणाला घरी जेवायला येणारा. पुढची नऊ वर्षं ते दर सोमवारी पावती पिशवीत घालून त्या ऑफिसला जायचे. ती पावती अजून माझ्याकडं आहे. म्हणून म्हणते सर, ओळख बाजूला ठेवा.

प्रश्न : माझ्या साडूंना एका संस्थेतून ६ लाख कर्ज घ्यायचंय, मी नोकरीला आहे म्हणून मला जामीन राहा म्हणतात. फक्त सही आहे असं म्हणतात. नाही म्हटलं तर घरात वाद होईल. (नोकरदार, होटगी रोड)

उत्तर : फक्त सही अशी नसतेच. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. संस्थेला आधी साडूंकडं जाऊन मग तुमच्याकडं यायचं बंधन नाही, त्यांचं थकलं की थेट तुमच्या पगारावर येता येतं, शिवाय तुमच्या सिबिलमध्ये, म्हणजे कर्जाच्या नोंदींच्या अहवालात ते दिसतं आणि उद्या तुम्हाला घरासाठी कर्ज लागलं तर तिथं अडतं. मी एक विचारते, ते ६ लाख तुम्ही स्वतः फेडायला तयार आहात का आणि तेवढी ताकद आहे का? दोन्हीला हो असेल तरच सही करा. नाहीतर जेवढे परत आले नाहीत तरी चालतील तेवढे, पन्नास हजार म्हणा, हातउसने द्या आणि सहीला नाही म्हणा. वाद आत्ता होईल तो महिनाभराचा असेल.

प्रश्न : आमची सीनेच्या काठी पाच एकर आहे, मोहोळ तालुका. सप्टेंबर २०२५ च्या पुरात ऊस तर गेलाच पण दीड एकरातली मातीच वाहून गेली. त्याआधी २०२१ ला वडिलांच्या ऑपरेशनला गावातल्या एकाकडून ५ लाख घेतले होते, शेकडा तीन रुपये महिन्यानं, आणि त्यानं दोन एकराचं खरेदीखत करून घेतलं. पैसे दिले की परत पलटवून देतो असं तोंडी ठरलं. आत्तापर्यंत साडेचार लाख व्याजातच गेले. आता तो म्हणतो जमीन माझी. कसायला अजून आम्हीच आहोत. उरलेली जमीन विकून त्याला द्यावं का? (शेतकरी)

उत्तर : भाऊ, उरलेली जमीन विकू नका, थांबा. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. महाराष्ट्रात सावकारी (नियमन) कायदा २०१४ चा आहे, त्यात परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडनं तारण कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जाला १२ टक्के एवढंच व्याज घेता येतं, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज तर वसूल करताच येत नाही. त्या माणसाकडं परवाना आहे का हे आधी काढा, सहायक निबंधकाच्या ऑफिसला कळतं. नसेल तर तो गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

तुमच्या कामाचं कलम १८ आहे. अवैध सावकारीत व्याजापोटी किंवा तारण म्हणून जमीन लिहून घेतली असेल, खरेदीखत म्हणून का असेना, तर मागच्या १५ वर्षांतल्या अशा व्यवहाराची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं करता येते. ते चौकशी करतात आणि हा खरा खरेदीव्यवहार नव्हता, सावकारीच होती असं सिद्ध झालं तर खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत द्यायचा आदेश काढू शकतात. तुमचा व्यवहार २०२१ चा, म्हणजे मुदतीत आहे.

सिद्ध कसं करायचं हे महत्त्वाचं. व्याज फोन-पेनं दिलं असेल तर बँकेचं स्टेटमेंट काढा, रोख दिलं असेल तर कुणाच्या समोर दिलं ते लिहून काढा. खरेदीखतातली किंमत आणि त्या वर्षीचा रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यांकनाचा दर शेजारी ठेवा, दोन एकर ५ लाखात म्हणजे फरक दिसणारच. ताबा तुमचाच आहे हे ई-पीक पाहणीवरून दिसतं, म्हणून या हंगामाची नोंद चुकवू नका. ऑपरेशनची हॉस्पिटलची बिलं आणि खरेदीखताची तारीख जवळजवळ असतील, तीही जोडा. सातबारावर फेरफार झाला असेल तर त्याची नक्कल घ्या. आणि त्यानं घरी बोलावलं तर एकटे जाऊ नका, कुठल्याही कोऱ्या कागदावर सही करू नका.

वकील लागेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर, किंवा पूरग्रस्त म्हणूनसुद्धा, वकील फुकट मिळतो, जिल्हा कोर्टाच्या आवारात चौकशी करा. पुढच्या हंगामासाठी जिल्हा बँक किंवा राष्ट्रीयीकृत बँकेतलं पीक कर्ज, ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर राज्यात बिनव्याजी पडतं. पीकविमा आता एक रुपयात नाही, खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के भरावे लागतात, पण त्यात ऊस येत नाही, सोयाबीन, तूर वगैरे लावणार असाल तर तेवढ्याचा भरा. सावकाराकडं माणूस दवाखान्याच्या बिलासाठी जातो, हे मी शंभर फायलींत वाचलंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. वडिलांचं वय ७० च्या पुढं असेल तर त्यांचं वेगळं आयुष्मान वय वंदना कार्डही निघतं, उत्पन्नाची अट नाही. दोन्ही कार्डं आत्ताच, सगळे धडधाकट असताना काढून ठेवा.

प्रश्न : वडील अचानक गेले. चादरींचं दुकान होतं. कुठं काय ठेवलंय आम्हाला काहीच माहीत नाही. एका एफडीला नॉमिनी म्हणून काका आहेत, तो म्हणतो पैसे माझे. (वाचक, बाळीवेस)

उत्तर : बँकेच्या ठेवीचा नॉमिनी म्हणजे बँकेकडनं पैसे स्वीकारणारा माणूस, मालक नाही. मालक वारस, किंवा मृत्युपत्र असेल तर त्यात ज्याचं नाव आहे तो. शेअर्सबद्दलसुद्धा सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. बँक काकांना पैसे देईल, ती तिचं काम करतेय, पण आई आणि तुम्ही भावंडं, लग्न झालेल्या बहिणीसकट, काकांकडनं ते मागू शकता. आधी नातेवाईक बसवून बोला, नाहीतर वकिलाची नोटीस.

बाकी शोधायचं असेल तर कपाटातली जुनी पासबुकं, इन्कम टॅक्सच्या रिटर्नमधलं व्याज, आणि तीन वर्षांचं बँक स्टेटमेंट वाचा, विम्याचे हप्ते त्यात दिसतात. दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते पण बुडत नाही, ती शोधायला उद्गम नावाचं पोर्टल ऑगस्ट २०२३ पासून आहे. दुकानाची उधारीची वही मात्र आजच ताब्यात घ्या आणि गिऱ्हाइकांना फोन करा, चाळीस दिवसांनंतर लोकांना आठवत नाही. आणि आईच्या सगळ्या खात्यांना नॉमिनी बघा, नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सहीनं होतं, स्टॅम्प लागत नाही.

प्रश्न : मॅडम मी बारावीला आहे. माझी आई विड्या वळते, वय ४८, आम्ही विडी घरकुलला राहतो. पप्पा नाहीत. आईनं तीन फायनान्सचे ग्रुप लोन घेतलेत, एक फेडायला दुसरं असं झालंय. महिन्याला ९ हजार हप्ते जातात आणि घरात १४ हजार येतात. हप्ता चुकला की माणसं रात्री आठला येऊन बसतात. आईचा फंड आहे पण त्यात नाव चुकलंय. आईला काही झालं तर माझ्या लहान भावाचं काय, या विचारानं अभ्यास होत नाही.

उत्तर : पोरी, तू लिहिलंस ते फार चांगलं केलंस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी रात्री येणाऱ्या माणसांचं. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यात वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर येता येत नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. परत आले की तारीख वेळ वहीत लिही, शक्य असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड कर. कंपनीच्या कर्जाच्या कार्डावर तक्रारीचा नंबर छापलेला असतो तिथं आधी लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, ते ऑनलाइन आणि फुकट आहे. त्याच नियमात असंही आहे की घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. तुमच्याकडं १४ हजारात ९ हजार, म्हणजे तिसरं कर्ज ज्यानं दिलं त्यानं नीट बघितलंच नाही. हे वाक्य तक्रारीत लिही आणि हप्ता लहान करून मुदत वाढवून मागा. चौथं कर्ज मात्र कुणी कितीही गोड बोललं तरी घ्यायचं नाही, गटातल्या बायका नाराज झाल्या तरी.

आईचं काही झालं तर, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. बँकेत जाऊन प्रधानमंत्री जीवनज्योती विमा, वर्षाला ४३६ रुपये, आणि सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, हे दोन फॉर्म भरा. पहिल्यात कशानंही मृत्यू झाला तर २ लाख, फक्त नवीन असताना पहिले ३० दिवस अपघात सोडून संरक्षण नसतं, दुसऱ्यात अपघाताचे २ लाख. पहिल्यात ५० वर्षं वयाच्या आतच शिरता येतं आणि आई ४८ ची आहे, म्हणून याच महिन्यात. ४५६ रुपये खात्यात शिल्लक ठेवायचे, दरवर्षी मे अखेरीला कापतात.

दुसरं म्हणजे फंड. विडी कामगारांना पीएफ लागू आहे आणि पीएफबरोबर एक विमा आपोआप येतो, त्याचा वेगळा हप्ता कामगाराला नसतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. शिवाय दहा वर्षं भरली असतील तर ५८ व्या वर्षी पेन्शन. पण नाव चुकलेलं असलं की हे सगळं अडकतं, आणि आपल्याकडं लग्नाआधीचं तेलुगू नाव कारखान्यात एक, आधारवर दुसरं, असं घरोघरी आहे. आधार, पॅन, बँक पासबुक आणि कारखान्याचं ओळखपत्र घेऊन आईबरोबर आधी कारखान्याच्या ऑफिसला जा आणि जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे नावदुरुस्तीचा अर्ज करायचाय असं सांग, त्यावर बहुतेक वेळा मालकाची मंजुरी लागते. ते टाळत असतील तर युनियनच्या ऑफिसात जा, तिथं हे काम रोज चालतं. नाव दुरुस्त झालं की ई-नॉमिनेशनमध्ये तुझं आणि भावाचं नाव घाल, भाऊ १८ च्या आत असेल तर पालक म्हणून मामा किंवा मावशी, ज्यांच्यावर आईचा भरवसा आहे ते. दुरुस्तीचा अर्ज केल्याची पोच घेऊन ठेव आणि काही अडलं तर मला परत लिही, मासिकाच्या पत्त्यावर पाकिटावर 'फंड' एवढंच लिहिलं तरी माझ्यापर्यंत येईल.